शंका-समाधान : गुणसूत्रांचा हिशेब

या अंकासाठी आलेल्या पत्रांत पेशी विभाजनावरचीच पत्रे सर्वांत जास्त आहेत. सारख्या शंका एकत्र केल्या आहेत. पहिले उत्तर मात्र कुणी गाळू नये, पुढची बरीच उत्तरे त्याच्यावर उभी आहेत.

प्रश्न : विभाजनाआधी गुणसूत्रे दुप्पट होतात असे वर्गात सांगितले. मग पूर्वावस्थेत माणसाच्या पेशीत ९२ गुणसूत्रे हवीत ना? एका मार्गदर्शकात ४६ छापले आहे, दुसऱ्यात ९२. बरोबर कोणते?
– इयत्ता दहावी, बार्शी

उत्तर : ४६. दुप्पट होतो तो डीएनए. गुणसूत्रांची संख्या तेवढीच राहते.

विभाजन पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था अशा क्रमाने चालते. त्याला हात घालण्याआधी पेशी आंतरावस्थेत असते. आंतरावस्थेचे तीन टप्पे आहेत, जी-१, एस आणि जी-२. त्यातल्या मधल्या, एस टप्प्यात प्रत्येक गुणसूत्रातल्या डीएनएची हुबेहूब प्रत तयार होते. पण ही प्रत सुटी होत नाही. तयार झालेले दोन्ही सारखे धागे कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी एकमेकांना जखडलेले राहतात आणि गुणसूत्रबिंदूपाशी, म्हणजे दोन धागे घट्ट जुळलेले दिसतात त्या जागी, ही पकड शेवटपर्यंत टिकते. मंडईत मेथीच्या दोन मुठी एका दोऱ्याने बांधल्या तर जुडी एकच मोजतात, तसाच हा प्रकार. धागे दोन, बांधणी एक, म्हणून गुणसूत्र एक. त्या दोन धाग्यांपैकी प्रत्येकाला अर्धगुणसूत्र म्हणायचे.

तेव्हा गुणसूत्रे मोजायची तर गुणसूत्रबिंदू मोज, आणि अर्धगुणसूत्रे मोजायची तर धागे मोज. हा नियम लावून माणसाच्या त्वचेतली एक पेशी पाहा. जी-१ मध्ये ४६ गुणसूत्रे आणि ४६च धागे. एस टप्पा आटोपल्यावर, म्हणजे जी-२, पूर्वावस्था आणि मध्यावस्थेत गुणसूत्रे ४६, धागे ९२. पश्चावस्थेत प्रत्येक गुणसूत्रबिंदू दुभंगतो, धागे सुटे होतात आणि सुटा झालेला प्रत्येक धागा आता स्वतंत्र गुणसूत्र म्हणून मोजला जातो. त्यामुळे थोडा वेळ एकाच पेशीत खरोखर ९२ गुणसूत्रे असतात, ४६ एका ध्रुवाच्या वाटेवर आणि ४६ दुसऱ्या. अंत्यावस्थेत दोन केंद्रके तयार होतात, प्रत्येकात ४६. तुझ्या दुसऱ्या मार्गदर्शकातले ९२ 'अर्धगुणसूत्रे' किंवा 'पश्चावस्था' या शब्दाशेजारी असेल तर ते बरोबर. 'पूर्वावस्थेतील गुणसूत्रे' म्हणून दिले असेल तर चूक.

अर्धगुणसूत्री, म्हणजे माणसात शुक्रपेशी आणि अंडपेशी तयार करणाऱ्या, दोन भागांत होणाऱ्या विभाजनालाही हाच नियम चालतो. भाग १ च्या मध्यावस्थेत गुणसूत्रे ४६, पण जोडीजोडीने उभी, म्हणजे २३ जोड्या आणि ९२ धागे. भाग १ संपल्यावर प्रत्येक पेशीत २३ गुणसूत्रे, पण धागे ४६, कारण इथे गुणसूत्रबिंदू दुभंगलेला नसतो. भाग २ संपल्यावर गुणसूत्रे २३ आणि धागेही २३. वहीत दोन रकाने आख, एक गुणसूत्रांचा आणि एक धाग्यांचा, आणि प्रत्येक अवस्थेपुढे दोन्ही आकडे भर. गुण जातात ते बहुधा दोन रकान्यांचे काम एकात उरकल्यामुळे.

मोजणीत चुकणारा तू पहिला नाहीस. १९२३ पासून पुढे तीस वर्षांहून अधिक काळ जगभरच्या पुस्तकांत माणसाची गुणसूत्रे ४८ छापली जात होती. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे एकमेकांवर पडलेली दिसायची आणि प्रत्येक जण अपेक्षित आकडा मोजायचा. पेशी कमी क्षार असलेल्या द्रावणात ठेवली की फुगते आणि गुणसूत्रे सुटी पसरतात, ही युक्ती सापडल्यावर स्वीडनमधल्या लुंड इथे जो हिन त्जिओ आणि अल्बर्ट लेव्हान यांनी ४६ हा आकडा पक्का केला. त्यांचा शोधनिबंध १९५६ चा.

प्रश्न : 'अर्धगुणसूत्र' आणि 'अर्धगुणसूत्री विभाजन' यांचा एकमेकांशी काय संबंध? नाव तर सारखेच आहे.
– इयत्ता दहावी, चिपळूण

उत्तर : संबंध जवळजवळ नाही, आणि या नावांनी घोटाळा होतो ही तुझी तक्रार रास्त आहे. अर्धगुणसूत्र म्हणजे जोडलेल्या दोन धाग्यांपैकी एक, क्रोमॅटिड. ते सूत्री विभाजनातही, म्हणजे शरीर वाढवणाऱ्या साध्या विभाजनातही, असते. अर्धगुणसूत्री विभाजन म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे विभाजन, मिऑसिस. पहिल्या शब्दातला 'अर्ध' एका गुणसूत्राचा आहे, दुसऱ्यातला साऱ्या संचाचा.

बाकीची नावे मात्र अर्थ सांगणारी आहेत. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी १८८२ साली मायटोसिस हा शब्द रूढ केला तो ग्रीक भाषेतल्या धाग्यावरून, कारण सॅलमँडरच्या पिल्लांच्या पेशींत त्यांना धागेच दिसत होते. 'सूत्री' म्हणजे तेच. गुणसूत्रांना ध्रुवांकडे नेणाऱ्या तुर्कतंतूंमधला 'तुर्क' संस्कृतातल्या 'तर्कु'ची, म्हणजे चरख्याच्या चातीची आठवण देतो. चातीवर सूत भरले की मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता आकार येतो, पेशीतही तोच दिसतो. अवस्थांच्या नावांत क्रम दडलेला आहे, पण 'पश्च' ऐकून पुष्कळ जण तिला शेवटची समजतात. पश्च म्हणजे मध्यानंतरची. शेवटची ती अंत्य.

प्रश्न : कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड आम्ही दरवर्षी करतो. मुलांना पेशी दिसतात, पण विभाजनाच्या अवस्था दिसत नाहीत. शेवटी विकतची स्लाइड दाखवावी लागते. कुठे चुकत असेल?
– विज्ञान शिक्षिका, कणकवली

उत्तर : बहुतेक वेळा तीन जागी चुकते: कांदा, कापण्याची जागा आणि दाबण्याची पद्धत. तुम्ही कृती ताडून पाहू शकाल म्हणून ती क्रमाने देत आहोत.

मध्यम आकाराचा घट्ट कांदा घ्या. तळाची वाळलेली मुळे ब्लेडने खरवडा, पण तळाची चकती कापू नका, कारण नवी मुळे तिच्यातूनच येतात. रुंद तोंडाच्या बाटलीत पाणी भरून कांदा असा ठेवा की फक्त तळ पाण्याला टेकेल. अर्धा कांदा बुडवला तर तो सडतो. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर ते रात्रभर उघडे ठेवून मग वापरा, आणि रोज बदला. दोन ते चार दिवसांत दोन-तीन सेंटिमीटरची पांढरी मुळे येतात. कोंब येऊ नयेत म्हणून गॅमा किरणांची प्रक्रिया केलेला कांदा बाजारात मिळतो. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने चालणारे असे विकिरण केंद्र आहे. त्या प्रक्रियेचा हेतूच वाढबिंदूवरच्या पेशींचे विभाजन थांबवण्याचा, म्हणून असा कांदा या प्रयोगाला निरुपयोगी. एकाऐवजी तीन-चार वेगवेगळ्या गोणींतले कांदे लावून ठेवावेत.

मुळे सकाळी आठ-नऊच्या सुमारास कापा आणि लगेच स्थिरीकरणाच्या द्रावणात टाका. त्याचे प्रमाण एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड आणि तीन भाग इथाइल अल्कोहोल. द्रावण त्याच दिवशी बनवलेले हवे, कारण ठेवून दिले की दोन्ही घटकांची आपसात अभिक्रिया होऊन त्याचा जोर जातो. चोवीस तासांनी मुळे ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. फ्रीजमध्ये ती कित्येक आठवडे टिकतात, त्यामुळे प्रात्यक्षिकाच्या दिवशी धावपळ होत नाही. हे द्रावण म्हणजे पेशीला 'स्टॅच्यू' म्हणणे. जी पेशी ज्या अवस्थेत असेल तिथेच थिजते. मुळे नुसत्या पाण्यात ठेवून दुपारी स्लाइड केली तर तोपर्यंत पेशी खराब झालेल्या असतात.

आता बहुतेक शाळांत गाळली जाणारी पायरी. वनस्पतीच्या पेशी पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात. ते विरघळले नाही तर कितीही दाबा, पेशींचा थर एकावर एकच राहतो. त्यासाठी मुळे एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंश सेल्सिअसला पाच ते दहा मिनिटे ठेवा. शंभर मिली आम्लासाठी सुमारे ८.३ मिली तीव्र आम्ल लागते, आणि आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही. हे काम शिक्षकांनीच करावे. नंतर मुळे पाण्याने धुवा. टोक मऊ पडून सुईने सहज तुटले की झाले. पार लगदा झाला तर वेळ जास्त झाली.

रंगासाठी ॲसिटोकार्मिन. विकत मिळते, नाहीतर १ ग्रॅम कार्मिन १०० मिली ४५ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये मंद उकळून, थंड करून गाळून घ्या. लोहाचा अंश मिळाला की गुणसूत्रांवर रंग गडद चढतो, म्हणून जुने प्रयोगशाळा सहायक सुई गंजकी वापरत. ते अडाणीपणाने नव्हे. मुळावर रंगाचे दोन-तीन थेंब टाका आणि स्लाइड स्पिरिटच्या दिव्यावरून झरझर फिरवा. हाताच्या पाठीला सोसेल इतकीच गरम करा, उकळू देऊ नका. पाच-दहा मिनिटांनी टोक बाकीच्या मुळापेक्षा गडद दिसेल.

इथे ब्लेड घ्या आणि फक्त शेवटचे दोन मिलिमीटर ठेवा. बाकीचे मूळ फेकून द्या. मुलांच्या हातून नेमके हेच होत नाही. विभाजन चालते ते मुळाच्या टोपीच्या लगेच मागच्या एवढ्याशा पट्ट्यात. त्याच्या वर पेशी फक्त लांब होतात. तुमच्या मुलांना लांबट, आयताकृती, मध्ये मोठी रिक्तिका असलेल्या पेशी दिसत असतील तर तुकडा चुकीचा आहे. हव्या त्या पेशी लहान, चौकोनी आणि केंद्रकाने भरलेल्या असतात.

टोकावर कव्हरस्लिप ठेवून पेन्सिलीच्या मागच्या बाजूने हळूहळू ठोका. नंतर वर टिपकागदाची घडी ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. कव्हरस्लिप तसूभरही बाजूला सरकता कामा नये. सरकली की पेशी गुंडाळल्या जाऊन वाती होतात. आधी १० च्या भिंगाने चौकोनी पेशींचा पट्टा शोधा, मगच ४० चे भिंग लावा.

आणि मुलांना आधीच सांगा की चांगल्या स्लाइडवरही दहातल्या नऊ पेशी आंतरावस्थेत दिसू शकतात. पहिल्या क्षेत्रात काही दिसले नाही तर स्लाइड सरकवायची, टाकून द्यायची नाही.

प्रश्न : स्लाइड तर स्थिर असते. मग पूर्वावस्था सर्वांत लांब आणि पश्चावस्था सर्वांत छोटी, हे कसे कळते?
– इयत्ता अकरावी, नांदेड

उत्तर : मोजून. एसटी स्टँडचा एकच फोटो काढला आणि त्यात रांगेत चाळीस माणसे, तिकीट घेताना दोन दिसली, तर रांगेत वेळ जास्त जातो हे फोटोवरूनही कळते. पेशींचेही तसेच.

समजा तू वाढीच्या पट्ट्यातल्या ४०० पेशी मोजल्यास. आंतरावस्थेत ३६०, पूर्वावस्थेत २४, मध्यावस्थेत ६, पश्चावस्थेत ४, अंत्यावस्थेत ६. पूर्ण चक्र २० तासांचे, म्हणजे १,२०० मिनिटांचे धरू. पूर्वावस्थेचा वाटा ४०० पैकी २४, म्हणून तिला ७२ मिनिटे. मध्यावस्थेला १८, पश्चावस्थेला १२, अंत्यावस्थेला १८. विभाजनातल्या पेशी ४०० पैकी ४०, म्हणजे १० टक्के. या टक्केवारीला विभाजन निर्देशांक म्हणतात.

हे आकडे गणितासाठी घेतलेले आहेत, प्रयोगवहीत उतरवू नकोस. चक्राचा एकूण वेळ तापमानानुसार बदलतो, थंडीत तो लांबतो. आणि ५० पेशी मोजून निष्कर्ष काढू नये, कारण पश्चावस्थेतली एखादी पेशी जास्त-कमी सापडली तरी उत्तर दुपटीने हलते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीचे चक्र साधारण २४ तासांचे असते आणि त्यात प्रत्यक्ष विभाजनाला जेमतेम एक तास लागतो.

प्रश्न : कांद्याच्या पेशीची आकृती काढताना तारककाय दाखवले म्हणून माझा अर्धा गुण गेला. पुस्तकातल्या आकृतीत तर आहेत.
– इयत्ता दहावी, वर्धा

उत्तर : पुस्तकातली ती आकृती प्राणीपेशीची असणार. कांद्यासारख्या सपुष्प वनस्पतींच्या पेशींत तारककाय, म्हणजे प्राणीपेशीत तुर्कतंतू जिथून निघतात त्या रचना, नसतात, तरीही तुर्कतंतू व्यवस्थित तयार होतात. गुण योग्यच गेला.

आणखी एक फरक लक्षात ठेव. प्राणीपेशीत परिकलविभाजनाच्या, म्हणजे पेशीद्रव्य दोन भागांत वाटले जाण्याच्या, वेळी बाहेरून आत खाच पडत जाते. ॲक्टिन आणि मायोसिनचे कडे पिशवीच्या नाडीसारखे आवळले जाते. वनस्पतिपेशीला ताठ भित्तिका असते, ती आवळता येत नाही, म्हणून तिथे मधोमध पेशीपटल घातले जाते आणि ते आतून बाहेर वाढते. पश्चावस्थेत गुणसूत्रांचे आकार 'व्ही'सारखे काढ, टोक ध्रुवाकडे. ओढले जातात गुणसूत्रबिंदू, भुजा मागून फरफटतात. उलटे 'व्ही' काढलेली आकृती सुबक असली तरी चूकच.

प्रश्न : अर्धगुणसूत्री विभाजनात दोनदा विभागायचे आणि शेवटी निम्मेच उरवायचे, तर आधी डीएनए दुप्पट कशाला करायचा? ४६ चे सरळ २३–२३ का नाही?
– इयत्ता बारावी, पणजी

उत्तर : वरवर पाहता हा व्यवहार खरेच उधळेपणाचा वाटतो. पण आडमार्ग कशासाठी आहे ते पाहा.

निम्मे करणे म्हणजे कुठलीही २३ उचलणे नव्हे. प्रत्येक सजातीय जोडीतले एकच, आणि एकही जोडी न चुकवता, उचलायचे आहे. त्यासाठी आईकडून आलेले १ क्रमांकाचे गुणसूत्र आणि वडिलांकडून आलेले १ क्रमांकाचे गुणसूत्र यांनी आधी एकमेकांना शोधून जोडीने उभे राहायला हवे. सूत्री विभाजनात ही ओळखदेख होतच नाही, तिथे ४६ गुणसूत्रे आपापली एकेकटी रांगेत येतात. भाग १ च्या पूर्वावस्थेत मात्र जोड्या लांबीभर चिकटतात, बहिणी नसलेल्या, म्हणजे एकाच गुणसूत्राच्या नसलेल्या, धाग्यांत तुकड्यांची अदलाबदल होते, आणि त्या जागी फुलीसारखा आकार दिसतो.

ही अदलाबदल नवे गुणधर्म जुळवते एवढेच पुस्तकात असते. तिचे दुसरे काम तितकेच महत्त्वाचे आहे. त्या फुलीमुळेच जोडी एकत्र राहते. दोन्ही ध्रुवांकडून ताण आला तरी जोडी सुटत नाही आणि त्या ताणावरूनच पेशीला कळते की मांडणी बरोबर झाली. आणि ही फुली टिकते कशावर, तर तिच्या पलीकडच्या भागात बहिणी धाग्यांना एकत्र धरणाऱ्या कोहेसिनवर. बहिणी धागेच नसते तर गाठ घसरून गेली असती. म्हणजे आधी प्रत काढली नाही तर जोडीला धरायला काही उरत नाही. निसर्ग तरी एकाच पद्धतीला बांधलेला नाही. फळमाशीच्या नरात ही अदलाबदल होत नाही, तिथे जोड्या वेगळ्याच तऱ्हेने धरल्या जातात.

भाग १ मध्ये जोड्या फुटतात, गुणसूत्रे निम्मी होतात. भाग २ मध्ये बहिणी धागे सुटतात, तिथे संख्या निम्मी होत नाही. भाग २ हा चालीने सूत्री विभाजनच, फक्त २३ गुणसूत्रांवरचे, आणि मध्ये डीएनएची प्रत निघत नाही.

वैविध्याचा हिशेबही करून ठेव. कुठली जोडी कोणत्या बाजूला तोंड करून उभी राहील हे प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे ठरते, म्हणून एका व्यक्तीत २ चा २३ वा घात, म्हणजे ८३,८८,६०८ प्रकारची युग्मके (शुक्रपेशी किंवा अंडपेशी) होऊ शकतात. आईवडील दोघांचे मिळून ७० लाख कोटींहून जास्त. अदलाबदल यात अजून धरलेलीच नाही.

प्रत्यक्ष पाहायचे तर कांद्याचे डेंगळे शोध. फुलोऱ्यातल्या वेगवेगळ्या आकारांच्या बंद कळ्या वरच्याच द्रावणात स्थिर कर आणि एकेक परागकोश ॲसिटोकार्मिनमध्ये चेचून पाहा. परागकोश पिवळे दिसत असतील तर उशीर झाला, परागकण तयार झालेले असतात. त्याहून लहान कळी घे. योग्य कळीत १६ सुटी गुणसूत्रे दिसत नाहीत, ८ जोड्या दिसतात. मुळाच्या स्लाइडशेजारी ही ठेवली की दोन विभाजनांतला फरक डोळ्यांनीच कळतो.

प्रश्न : डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या पेशींत एक गुणसूत्र जास्त असते असे मुलीच्या पुस्तकात आहे. ते कुठून येते? आणि आईच्या वयाचाच उल्लेख का होतो?
– एक पालक, अहिल्यानगर

उत्तर : बहुतेक वेळा ते युग्मक तयार होताना येते. अर्धगुणसूत्री विभाजनात २१ क्रमांकाची जोडी, किंवा भाग २ मध्ये तिचे बहिणी धागे, सुटण्याऐवजी एकाच बाजूला जातात. त्या युग्मकात २४ गुणसूत्रे होतात, समोरच्या युग्मकातून २३ येतात, आणि गर्भात ४७. पॅरिसमधल्या मार्थ गोतिए, जेरोम लजन आणि सहकाऱ्यांनी १९५९ साली हे दाखवून दिले.

वयाचे कारण अंडपेशीच्या वेळापत्रकात आहे. पुरुषात शुक्रपेशी वयात आल्यापासून सतत नव्याने तयार होतात. मुलीच्या अंडाशयात मात्र अर्धगुणसूत्री विभाजन तिच्या जन्माआधीच सुरू होते आणि भाग १ च्या पूर्वावस्थेतच थांबते. अंडपेशी बाहेर पडण्याच्या जरा आधी भाग १ पुरा होतो. भाग २ मध्यावस्थेत पुन्हा अडतो आणि शुक्रपेशीचा प्रवेश झाला तरच पूर्ण होतो. म्हणजे चाळिशीतल्या अंडपेशीतल्या जोड्या चाळीस वर्षे त्याच कोहेसिनच्या कड्यांनी धरलेल्या असतात. ही कडी काळाबरोबर झिजतात. आईचे वय ३५ असताना डाऊन सिंड्रोमची शक्यता साधारण ३५० मध्ये १ असते, ४० असताना साधारण १०० मध्ये १. तरीही अशी पुष्कळ मुले तरुण मातांच्या पोटी जन्मतात, कारण मुळात बाळंतपणेच त्या वयात जास्त. वडिलांच्या बाजूनेही असे होते, पण क्वचित. आईच्या वागण्या-खाण्यामुळे हे घडते असा समज असेल तर तो सोडून द्यावा. जुन्या पुस्तकांतला 'मंगोलिकता' हा शब्दही आता वापरू नये, तो हिणवणारा आहे.

मुलीला परीक्षेसाठी आणखी एक सांगा. शुक्रपेशी एका मातृपेशीतून चार होतात, अंडपेशी एकच. उरलेला वाटा छोट्या ध्रुवपिंडांना जातो. गुणसूत्रांची वाटणी समान, पेशीद्रव्याची नाही, कारण गर्भाची सुरुवातीची शिदोरी एकाच पेशीत ठेवायची असते.

प्रश्न : केळीला बी नाही, आमच्या द्राक्षालाही नाही. दोन्हींचे कारण एकच का?
– द्राक्ष बागायतदार, तासगाव

उत्तर : नाही, आणि तुमच्याच बागेतले उदाहरण जास्त मजेशीर आहे.

आपण खातो त्या ग्रँड नैनसारख्या केळीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, ११ चे तीन, एकूण ३३. जोड्या लावायला गेले की तिसरा उरतो. तो कोणत्या बाजूला जाईल याचा नेम नाही. अकराही तिकड्यांत वाटणी योगायोगाने एकाच तऱ्हेची झाली तरच युग्मकात पूर्ण संच येतो. साध्या गणिताने ही शक्यता १,०२४ मध्ये १ येते, म्हणून बी धरत नाही. फळाला परागणाची गरज नसते, ते तसेच पोसते. लागवड होते ती मुनव्यांपासून किंवा ऊतीसंवर्धित रोपांपासून, म्हणजे निव्वळ सूत्री विभाजनाने. म्हणून जळगावच्या एका बागेतली सारी झाडे जनुकीयदृष्ट्या एकच, आणि एकाला जो रोग झेपत नाही तो बाकीच्यांनाही झेपत नाही. बिनबियांचे कलिंगडही याच कुळीतले. तुर्कतंतू बनू न देणारे कोल्चिसिन लावून ४४ गुणसूत्रांचे झाड करायचे, त्याचा २२ गुणसूत्रांच्या साध्या झाडाशी संकर, की ३३ चे बी मिळते. जपानमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ किहारा यांनी ही पद्धत बसवली. खेचराची अडचणही याच जातीची: घोड्याची ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३, त्यामुळे जोड्या जुळत नाहीत.

तुमचे थॉमसन सीडलेस, आणि त्यातूनच निवडलेली सोनाका आणि तास-ए-गणेश, यांत मात्र दोनच संच आहेत, ३८ गुणसूत्रे. अर्धगुणसूत्री विभाजन होते, फलनही होते. बीज तयार होऊ लागते आणि थोड्याच दिवसांत गर्भाची वाढ खुंटते. मणी चिरून पाहिला तर बियांचे मऊ अवशेष सापडतात. बी पुरे न वाढल्याने तिच्याकडून मिळणारे जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरकही कमी पडते. मणी फुगवायला जीएची, म्हणजे जिबरेलिक आम्लाची, बुडवणी करावी लागते त्याचे एक कारण हेच.

प्रश्न : सदाफुलीपासून कर्करोगाचे औषध होते हे खरे का? त्याचा पेशी विभाजनाशी काय संबंध?
– इयत्ता नववी, सोलापूर

उत्तर : खरे. सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन मिळतात. तुर्कतंतू ट्युब्युलिन या प्रथिनाचे कण जोडून बनतात. ही द्रव्ये त्या कणांना धरून ठेवतात, तंतू तयार होत नाहीत, आणि पेशी मध्यावस्थेपाशी अडकून मरते. व्हिन्क्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही वापरतात. अशी औषधे फक्त कर्कपेशी निवडत नाहीत, भराभर विभागणाऱ्या साऱ्याच पेशींना ती गाठतात. काही औषधांनी केस गळतात ते म्हणूनच, केसांच्या मुळांशी विभाजन सतत चालू असते.

पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणारी कळलावी याच कामाचे कोल्चिसिन बाळगून असते. त्जिओ आणि लेव्हान यांच्या लुंडच्या प्रयोगात पेशी मध्यावस्थेत थांबवायला कोल्चिसिनच वापरले होते. सदाफुलीची पाने किंवा कळलावीचा कंद घरगुती उपाय म्हणून मात्र कुणी खाऊ नये. कळलावीच्या कंदाने माणसे दगावलेली आहेत.

प्रश्न : युग्मके नेहमी अर्धगुणसूत्री विभाजनानेच होतात, हे विधान चूक की बरोबर?
– इयत्ता दहावी, लातूर

उत्तर : परीक्षेत माणसाबद्दल विचारले असेल तर बरोबर. 'नेहमी' या शब्दाला अडून बसायचे असेल तर मधमाशी पाहा. राणीची ३२ गुणसूत्रे, पण नर अफलित अंड्यातून जन्मतो आणि त्याची १६च. अजून निम्मी करायला त्याच्याकडे जोड्याच नसतात, म्हणून त्याच्या शुक्रपेशींत सोळाच्या सोळा उतरतात.